छपाईसाठी दिला होता

आठवड्यातून तीन-चार फोन तरी येतात. "मॅडम, हा फॉन्ट क्लायंटच्या कामाला चालेल का?" विचारणारी मुलं-मुली बहुतेक अंबरनाथ-बदलापूरची, घरात एका कोपऱ्यात लॅपटॉप मांडून डिझाइनची कामं घेणारी. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की बदलापूरला हेंद्रेपाड्यात एक बाई राहतात, त्यांना फॉन्टच्या लायसन्समधलं सगळं कळतं. मी चष्मा शोधते, त्यांनी पाठवलेलं उघडते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते. मग सांगते, चालेल किंवा नाही चालणार.

हल्ली या कामाचा शीण येतो. वाचायचं पुष्कळ असतं हे तर आहेच. पण जवळजवळ प्रत्येक लायसन्समध्ये एक कलम असतं, फॉन्टची फाइल दुसऱ्याला द्यायची नाही असं. तिथे आलं की माझी नजर अडते आणि मला उल्हासनगरमधली एक खोली आठवते. हे सगळं मला कुठे आणि कसं कळलं, ते फोन करणाऱ्यांपैकी कुणी विचारत नाही. दिवाळी अंकात धंद्याविषयी लिहायचंच आहे तर तेच लिहिते.

उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये माझं डीटीपीचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी एक बाक. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, जीन्सच्या पँटला लावायची लेबलं, बिस्किटांची पाकिटं, निवडणूक आली की पत्रकं. आमचे हे अंबरनाथला कंपनीत होते, त्यांची शिफ्ट आणि माझं दुकान यात संसार झाला. मी शिकलेली मराठी शाळेत. इंग्रजी अक्षरं मांडता यायची, इंग्रजी वाचायचा कंटाळा. अक्षरांवर मात्र माझा जीव होता. कुठलं अक्षर कुठल्या मालाला शोभतं ते मला कळायचं, आणि गिऱ्हाइकांनाही ते माहीत होतं. मालवाले यायचे, "दीदी, कुछ भारी अक्षर डालो" म्हणायचे आणि निर्धास्त जायचे.

ही अक्षरं यायची फुटपाथवर मिळणाऱ्या सीडीतून. एका सीडीत पाच हजार फॉन्ट. त्या काळी आम्हाला कुठे ठाऊक होतं की फॉन्टला मालक असतो, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. ते खरं नाही. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर कॉम्प्युटरच्या मागे लावायचं एक लॉक यायचं, ते लावल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही. कुणीतरी एवढं कुलूप घालून ठेवलंय म्हणजे आत कुणाची तरी वस्तू आहे, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. आम्ही लॉकसुद्धा नकली आणायचो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. फॉन्ट म्हणजे अक्षरांची एक फाइल. ती कुणीतरी बसून काढलेली असते. एकेक वेलांटी, एकेक जोडाक्षर, कधी कधी त्यात वर्षं जातात. आपण पैसे भरतो तेव्हा अक्षरं विकत घेत नाही, ती वापरायची परवानगी घेतो. त्या परवानगीला लायसन्स म्हणायचं. आता ती कशाची परवानगी, तिथे खरी मेख असते. कॉम्प्युटरवर घालून छपाईची कामं करायची परवानगी वेगळी, आणि तीही ठरलेल्या इतक्याच कॉम्प्युटरांवर. वेबसाइटवर तोच फॉन्ट चढवायचा तर वेगळी, कारण तिथे फाइलच इंटरनेटवर जाऊन बसते. मोबाइलच्या ॲपमध्ये घालायचा तर आणखी वेगळी. फुकट मिळणाऱ्या पुष्कळ फॉन्टवर 'पर्सनल यूज' लिहिलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला वापरा, धंद्याला नाही. काही मात्र खरोखर मोकळे असतात, धंद्यालाही चालतात. तोच फॉन्ट विकायला बसू नका, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. यातलं कुठलं काय ते नावावरून कळत नाही. वाचावं लागतं.

मागे बदलापूरजवळच्या चामटोलीचे एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका करायला आले होते. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर एक वळणदार फॉन्ट पसंत करून दिला होता. मी म्हटलं, हा घरगुती वापरासाठी फुकट आहे, पण मी तुमच्याकडून कामाचे पैसे घेणार, म्हणून मला चालणार नाही. परवानगी काढावी लागेल. ते चक्रावले.

"म्हंजे अक्षरा पन भाड्यानी?"

"तसंच समजा."

"मंग आमच्या पोरीच्या नावात तीनच हायेत. तेवढीच घ्या."

मी हसले. त्यांना मोकळ्या फॉन्टमध्ये पत्रिका करून दिली, छान झाली. ही समज माझ्यात आधीपासून असती तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

पहिल्यांदा मला कुणी लायसन्स मागितलं ते अंबरनाथला, आनंदनगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. औषधाच्या बाटल्यांचे खोके छापायचे होते. तिथले खरेदी अधिकारी, वयाने माझ्यापेक्षा लहान, चेहऱ्यावर काही न दाखवणारे. माझं डिझाइन त्यांना आवडलं. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, वापरलेल्या फॉन्टच्या लायसन्सची प्रत जोडा.

मी म्हटलं, "सर, फॉन्टचं कसलं लायसन्स? अक्षरं ती अक्षरं."

"मॅडम, आमचा माल बाहेरच्या देशात जातो. तिकडे कुणी विचारलं तर मला कागद दाखवावा लागतो." त्यांनी मग मला दहा मिनिटं बसवून सगळं समजावून सांगितलं. छपाई वेगळी, वेबसाइट वेगळी, ॲप वेगळं. ओरडले नाहीत, टिंगल केली नाही. ते काम अर्थातच गेलं. परत येताना मला त्यांचा रागच आला होता, पण सांगितलेलं सगळं डोक्यात बसलं. म्हणजे त्या दिवसापासून मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते माझ्या अज्ञानातून झालं नाही.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे घनश्यामशेठ. कॅम्प नंबर चारमध्ये त्यांचा पापडाचा कारखाना. खाली पंधरा-वीस बाया लाटायला आणि पॅकिंगला, वर शेठची खोली. जिन्यात काळ्या मिऱ्याचा आणि हिंगाचा वास इतका की नवीन माणूस शिंकतच वर यायचा. पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांची आई नुकतीच गेली होती. हरदेवी तिचं नाव. फाळणीत सगळं सोडून आली, कॅम्पात बराकीसमोर बसून पापड लाटून विकले आणि त्यावर चार मुलं वाढवली. शेठना तिच्या नावाने पापड काढायचे होते.

"अदी," ते म्हणाले. सिंधीत अदी म्हणजे बहीण, आणि त्या दिवसापासून ते मला तेच म्हणायचे. "अमां का नाम है. ऐसा लिख, के लोग खाली नाम देखके रुक जाएँ."

मी दोन दिवस सीडीतले फॉन्ट चाळले. एक इंग्रजी फॉन्ट सापडला. त्यातल्या मोठ्या 'एच'च्या पायातून एक रेघ निघून सगळ्या नावाखालून जायची. त्यात 'हरदेवी' लिहिलं, लाल रंगात. शेठनी प्रिंट हातात घेतली आणि नुसती मान डोलावत राहिले. वीस वर्षं तेच नाव त्याच अक्षरात पाकिटांवर छापलं गेलं. दुकानादुकानात ती रेघ दिसली की मला बरं वाटायचं.

शेठच्या मुलाचं लग्न झालं आणि काजल सून म्हणून आली. नागपूरच्या जरीपटक्याची, बीकॉम झालेली, मराठी माझ्याहून सफाईने बोलणारी. नवरा अबोल, शेठच्या शब्दाबाहेर न जाणारा. काजलने सहा महिने घर सांभाळलं, मग सासऱ्यांच्या मागे लागली की पापड ऑनलाइन विकूया. शेठ नको म्हणत होते. धंदा दुकानदाराच्या तोंडाकडे बघून होतो, मोबाइलकडे बघून नाही, असं त्यांचं मत. शेवटी म्हणाले, कर, पण मला विचारायला येऊ नकोस. तिने कल्याणचा एक वेबसाइटवाला गाठला, वेबसाइट करून घेतली, ऑर्डर घ्यायचं छोटं ॲपसुद्धा. पार्सल बांधायला खालच्या बायांपैकी दोघी तिला मिळाल्या. पुण्या-नागपूरहून, पुढे बंगलोरहून ऑर्डरी यायला लागल्या. शेठ विचारत नव्हते, पण संध्याकाळी पार्सलांचा ढीग बघून खाली उगाच एक चक्कर मारायचे.

वेबसाइटचं काम चालू होतं तेव्हा काजल माझ्या दुकानात आली होती.

"आंटी, तो वेबसाइटवाला फॉन्टची फाइल मागून राहिला. नुसत्या लोगोवर भागत नाही म्हणतो, सगळी हेडिंग त्याच अक्षरात पाहिजेत."

मी खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून दिली. एमआयडीसीतल्या त्या साहेबांचं बोलणं तेव्हा आठवलं होतं का? आठवलं होतं. उल्हासनगरच्या पापडाकडे कोण बघतंय, असंही वाटलं होतं.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एका दुपारी शेठचा फोन आला, "अदी, ज़रा आ जाओ." आवाज नेहमीचा नव्हता. वर गेले तर शेठ टेबलामागे, शेजारी मुलगा, आणि दाराजवळ काजल उभी. टेबलावर एक छापलेला ईमेल. ज्या परदेशी मंडळींनी तो फॉन्ट काढला होता त्यांनी पाठवलेला. तुमच्या वेबसाइटवर आणि ॲपमध्ये आमचा फॉन्ट आहे, त्याचं लायसन्स आमच्याकडे नोंदलेलं नाही, असेल तर दाखवा, नसेल तर घ्या किंवा काढून टाका. बस, एवढंच होतं. भाषाही सौम्य होती. पण कायदा, हक्क, वकील हे शब्द त्यात होते आणि शेठ तेवढ्यानेच घाबरले होते. ईमेल काजलला आला होता. ती तो दाबून ठेवू शकली असती. तिनेच छापून सासऱ्यांच्या हातात दिला होता.

"ये क्या है, अदी? अक्षर का केस?"

सांगायचं एकच होतं, शेठ, तो फॉन्ट मी कधी विकत घेतलेलाच नाही. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शेठच म्हणाले, "वीस साल पाकिट छापा, कभी कुछ हुआ? ये ऑनलाइन किया और हुआ."

त्यांनी आपणहून दार उघडून दिलं आणि मी त्यातून बाहेर पडले. मी म्हटलं, "शेठ, छपाईचं लायसन्स वेगळं असतं. वेबसाइटचं वेगळं, ॲपचं वेगळं."

"आंटीनेच दिली होती फाइल," काजल हळू म्हणाली.

"तो फॉन्ट मी छपाईसाठी दिला होता," मी म्हटलं.

त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, कायद्याचीही नव्हती. छपाई वेगळी, वेबसाइट वेगळी, हे अगदी बरोबर होतं. त्या साहेबांनी मला शिकवलेलं मी शब्दशः वापरलं. फक्त ते खोटं होतं. माझ्याकडे छपाईचंही लायसन्स नव्हतं, आणि फाइल मी दिली होती ती वेबसाइटसाठी, हे मला आणि काजलला दोघींना माहीत होतं.

काजल काही बोलली नाही. सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर, बाहेरच्या वयस्कर बाईला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं असेल, किंवा कुणी आपलं ऐकणार नाही हे तिला कळलं असेल. शेठनी ईमेलची घडी घातली. "बंद करो," ते म्हणाले. "वेबसाइट, ॲप, सब बंद. आज से."

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. यांनी एकच विचारलं, "त्या पत्रात तुझं नाव आहे?"

"नाही."

"मग गप बस. आपल्याला काय करायचंय?"

मी गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी त्या फॉन्टचं लायसन्स शोधून काढलं आणि वाचायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा. एका हातात डिक्शनरी, दुसऱ्या हातात मोबाइल. एकेका वाक्याला दहा-दहा मिनिटं लागायची. मला त्यात कुठेतरी माझी सुटका शोधायची होती. डिझायनरने लोगो केला तर त्याच्याकडे स्वतःचं लायसन्स हवं. फाइल गिऱ्हाइकाला द्यायची नाही. छापखान्यालाही द्यायची नाही. द्यायचं तर अक्षरांची चित्रं करून द्या, ज्याला आम्ही धंद्यात 'कर्व्ह करणं' म्हणतो. फाइल पुढे गेली तर ज्याने ती दिली तो जबाबदार. चार दिवस वाचलं. काजलने काय चुकीचं केलं ते सांगणारी ओळ मला सापडली नाही. तिला लायसन्स घ्यायला हवं होतं हे खरं, पण तसं असतं हे तिला सांगू शकणारं माणूस मीच होते.

तीन आठवडे तसेच काढले. नव्या पाकिटाचा कच्चा नमुना द्यायला कारखान्यात गेले तेव्हा पॅकिंगच्या सुमनने मला जिन्याशी गाठलं. सुमन चामटोलीहून यायची, माझी जुनी ओळख.

"ताई, शेटनी सूनबायचा आनलाइन बंद केला नं. माजी जाव पार्सलला व्हती, तिला पन घरी बसवली."

"आणि काजल?"

"ती काय करल? घरानच असते. खाली पन येत नाय आता. शेट कोनालापन सांगतान, पोरीनी केस आनली घरान."

मी वर न जाता नमुना सुमनकडेच दिला आणि परत फिरले.

त्याच दिवशी मी त्या परदेशी मंडळींना लिहिलं. मोडक्या इंग्रजीत, पण स्वतः लिहिलं. वीस वर्षांपूर्वी मी तुमचा फॉन्ट न विचारता घेतला, लोगो केला, फाइल दुसऱ्याला दिली, गिऱ्हाइकाला काहीच माहीत नव्हतं, आता काय करू? मनात होतं की मोठं काहीतरी होणार. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. कळवल्याबद्दल आभार, तुमच्या नावाने छपाईचं आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावाने वेबसाइट व ॲपचं लायसन्स घ्या, विषय संपेल. शेवटी एक वाक्य होतं, लोगो छान दिसतोय.

इतकं सोपं होतं. त्या दुपारी टेबलाशी उभी राहून खरं बोलले असते तर आठवड्यात सगळं मिटलं असतं.

दोन्ही लायसन्स घेतली, छापली आणि शेठकडे गेले. कागद हातात आल्यावर गेले, आधी नाही. हेही इथे लिहून ठेवते. रिकाम्या हाताने जायची माझी हिंमत झाली नाही.

"काजलला बोलवा," मी म्हटलं. ती आली, मागच्या वेळेसारखी दाराजवळ उभी राहिली.

"शेठ, त्या दिवशी मी खोटं बोलले. तो फॉन्ट मी कधी विकत घेतलाच नव्हता. फुटपाथवरच्या सीडीतून घेतला होता. काजलने वेबसाइटसाठीच फाइल मागितली होती आणि मी वेबसाइटसाठीच दिली. तसं करायचं नसतं हे मला माहीत होतं, तिला नव्हतं."

शेठनी कागद उलटसुलट केले. पैसे किती पडले ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. समोर पापडाचं एक पाकीट होतं, ते उचलून त्यांनी नावावरून अंगठा फिरवला.

"वीस साल," ते म्हणाले. "अमां ने बराक में बैठके पापड बेचा, पर किसी का आटा नहीं उठाया. उसका नाम तूने चोरी के अक्षर में लिखा."

शेठ ओरडले असते तर सोसलं असतं. ते हळू बोलत होते, हिशोब चुकलाय असं सांगावं तसं.

मग काजलकडे न बघताच म्हणाले, "चालू कर दे, बेटा." तिची माफी त्यांनी मागितली नाही. ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली, तेव्हा दोन पायऱ्या वर उभं राहून म्हणाली, "आंटी, खोटं बोललात त्याचं मला तेवढं लागलं नाही. बोलताना तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी तिच्याकडे बघितलं. उशीर झाला होता.

वेबसाइट पुन्हा चालू झाली. लोगो तोच राहिला, आता कायदेशीर. एक पार्सलवाली परत आली. सुमनची जाऊ आली नाही. मधल्या काळात तिने आनंदनगरला ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम धरलं होतं. उभ्याने बारा तास काम असतं, पाय सुजतात, असं सुमन म्हणाली. शेठनी मला त्यानंतर काम दिलं नाही. भांडण नाही, निरोप नाही, नुसतं काम येणं थांबलं. बाजारात भेटले तर नमस्कार करतात आणि मॅडम म्हणतात.

मी दोन्ही कॉम्प्युटर पुसून साफ केले. पाच हजार फॉन्ट गेले आणि अकरा उरले, कागद असलेले. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "दीदी, पहले तो कितनी वैरायटी थी!" बरीचशी दुसरीकडे गेली. लायसन्सचे कागद मात्र मी वाचत राहिले, एखाद्याला जुनं दुखणं दाबून बघायची सवय असते तशी. त्यातून हे फोन सुरू झाले. पुढे दुकान बंद केलं आणि बदलापूरच्या घरातूनच थोडं काम करू लागले. मुलं-मुली फोनवर "थँक यू मॅडम, वाचवलंत" म्हणतात. मी बरं म्हणते आणि ठेवते.

दोन वर्षांनी, एका सकाळी, दारात काजल. बरोबर कुणी नाही. हातात पिशवी.

पाणी दिलं. इकडचं तिकडचं ती बोलली नाही. पिशवीतून तिने बटाट्याच्या पापडाचं साधं पाकीट काढलं. "हे माझे आहेत. पप्पाजींच्या 'हरदेवी'चे नाहीत, माझे. बदलापूर-अंबरनाथच्या दुकानांत ठेवायचे आहेत, म्हणून नाव मराठीत पाहिजे. अक्षर तुम्हीच निवडा, तुमच्याइतकं कुणाला जमत नाही."

मी तिला तीन फॉन्ट दाखवले. तिने एक पसंत केला, जाडसर, गोल वळणाचा. मी सांगायला लागले की हा मोकळा आहे, धंद्याला चालतो, वेबसाइटवरही चालतो. तिने हात वर करून मला थांबवलं.

"लायसन्स दाखवा."

मी छापलेली प्रत दिली. तिने ती माझ्यासमोर बसून पहिल्यापासून वाचली. मी आत जाऊन चहा टाकला, बाहेर आणला, तो गार झाला, तरी ती वाचत होती. मधे एकदा तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "फॉन्टमध्ये आपण बदल केला, तर तो त्याच नावाने ठेवायचा नाही, असं आहे का हे?"

"मला नक्की सांगता येणार नाही. विचारून सांगते."

तिने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुढे वाचू लागली. संपल्यावर तिने पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"लिहून द्या. मराठीत. कुठला फॉन्ट, कशाला वापरायची परवानगी आहे, कशाला नाही."

मी लिहिलं. पाकीट, जाहिरात, वेबसाइट, ॲप. काय चालेल आणि काय करायचं नाही. तिने बोट ठेवलेल्या ओळीविषयी मी लिहिलं, विचारून कळवायचं आहे. पेन खाली ठेवणार तोच ती म्हणाली,

"आणि चुकलं तर जबाबदार कोण, तेही लिहा."

मी माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली. तिने कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग समोरचा गार चहा ओढून घेतला आणि पिऊन टाकला.